मावशींचे नाव कोणत्या यादीत?

रुग्णालयात करोनाचा सर्वाधिक धोका कोणाला, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अतिदक्षता विभाग येतो. नखशिखान्त पोशाखात गुरफटलेला डॉक्टर, चष्म्यावर जमलेली वाफ, व्हेंटिलेटरची घरघर. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ रुग्णालयांत पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले गेले. सगळे कामावर हजर होते आणि कोणालाही लक्षणे नव्हती. होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असलेली प्रतिपिंडे त्यांच्यापैकी सुमारे २४ टक्के लोकांत सापडली. अतिदक्षता विभागात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होते. सर्वांत जास्त, ३४.५ टक्के, ते निघाले साफसफाई करणाऱ्यांत.

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला काय झाले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथे पाऊल टाकणारा प्रत्येक जण तयारीने जातो, हवा बदलत राहण्याची सोय असते, मास्क चांगल्या प्रतीचा मिळतो. साध्या वॉर्डात यातले फारसे काही नसते. पोटात दुखते म्हणून दाखल झालेल्या माणसाचा तपासणी अहवाल उद्या यायचा असतो आणि तो आजपासूनच खोकत असतो. तोवर त्याच्या खाटेखालचे भांडे उचलणे, ओली चादर काढणे, उलटी पुसणे, खांद्याचा आधार देऊन त्याला संडासापर्यंत नेणे ही कामे जिच्याकडे असतात तिला आपल्याकडे मावशी म्हणतात, आणि पुरुष असेल तर मामा. डॉक्टर राउंडला येऊन खाटेजवळ दोन-चार मिनिटे थांबतो. मावशी दिवसभरात कितीदा तरी त्या खाटेवर वाकते, रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. बर्मिंगहॅमचे आकडे एका शहरातले आणि साथीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतले आहेत, तिथल्या सफाई कामगारांच्या घरची दाटीवाटीही त्यांत मिसळलेली असणार, हे मान्य. पण धोका हुद्द्याच्या उतरंडीने वाटला जात नाही, एवढे त्यांतून स्पष्ट दिसते.

माझे म्हणणे असे, की आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सर्वांआधी दिली हे बरोबर होते, पण ती देताना मनात धरलेले कारण चुकीचे होते. टाळ्या, थाळ्या, हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर उधळलेल्या पाकळ्या यांच्या ओळीत आपण लसही नेऊन बसवली, जणू ती कृतज्ञतेची परतफेड होती. खरे तर ती हातमोज्यांच्या जातीची वस्तू आहे, कामाच्या जागी धोका असतो म्हणून काम करवून घेणाऱ्याने पुरवायची. हे कारण चुकले की यादी चुकते, समजावण्याची भाषा चुकते, सक्तीचा वाद भलत्याच जागी जाऊन बसतो. आणि साथ ओसरली की सगळ्याचाच विसर पडतो.

आधी धोक्याचे पाहू. जुलै २०२० च्या अखेरीस ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सुमारे वीस लाख सामान्य लोकांची तुलना जवळपास एक लाख आघाडीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी केली होती. कर्मचाऱ्यांच्या चाचण्या अधिक होतात ही गोष्ट हिशेबात धरूनही त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण ३.४ पट निघाले. स्कॉटलंडचा अभ्यास मला यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात रुग्णालयाच्या भिंतीपलीकडेही पाहिले आहे. तिथे दीड लाखाहून अधिक आरोग्य कर्मचारी आणि त्यांच्या घरातली सव्वादोन लाखांहून अधिक माणसे यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रुग्णांच्या थेट संपर्कात असलेल्यांना करोनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका, रुग्णांशी संबंध न येणाऱ्या सहकाऱ्यांच्या तिप्पट होता. त्यांच्या घरच्यांना तो पावणेदोन पटीहून जास्त होता. पहिल्या लाटेत त्या देशात १८ ते ६५ वयोगटातले जे लोक करोनाने दाखल झाले, त्यांतला प्रत्येक सहावा माणूस एक तर आरोग्य कर्मचारी होता किंवा त्याच्या घरातला होता. सासू-सासरे आणि दोन मुले घेऊन एका खोलीत राहणारी परिचारिका ड्यूटी संपवून घरी काय घेऊन जाते, याचे उत्तर यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी करोनाने दगावले असावेत.

आपल्याकडे किती दगावले? सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत हा प्रश्न आला तेव्हा आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ मृत डॉक्टरांची यादीच जाहीर केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे आले: १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका, ४४ आशा सेविका. असोसिएशनने लगेच प्रतिवाद केला, की एकट्या डॉक्टरांचीच संख्या सातशेच्या वर आहे. दुसऱ्या लाटेत जून अखेरपर्यंत तिच्या यादीत आणखी सुमारे आठशे नावे जमा झाली. हा वाद वर्तमानपत्रांनी सरकार विरुद्ध डॉक्टर असा रंगवला आणि त्यात एक गोष्ट निसटली. सरकारच्या उत्तरात तीन रकाने होते, चौथा नव्हताच. डॉक्टरांची गणती झाली, कारण त्यांची संघटना आहे, ती यादी छापू शकते, मंत्र्याला खोडून काढू शकते. वॉर्डातल्या मावशी-मामा, शवागारातले कामगार, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या वाहणारे आणि रुग्णवाहिकेचे चालक यांचा आकडा कोणी चुकीचा सांगितला अशी तक्रार करता येत नाही, कारण तो कोणी सांगितलाच नाही.

जादा धोक्याच्या या मुद्द्यावर एक आक्षेप वजनदार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या देशव्यापी सर्वेक्षणात, म्हणजे डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात, सामान्य लोकांपैकी सुमारे २४ टक्के आणि आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी साधारण २५ ते २६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. फरक नगण्य. मग जादा धोका कुठे राहिला, आणि रांगेत पुढची जागा कशासाठी? आकडे खरे आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. तुलनेतला एक गट मास्क, हातमोजे आणि प्रशिक्षण घेऊन वावरत होता. दुसऱ्याकडे बहुधा गळ्यात लोंबणारा रुमाल होता. एवढे संरक्षण असूनही दोघांचे प्रमाण सारखे येत असेल, तर त्याखालचा धोका सारखा कसा म्हणावा? शिवाय ‘आरोग्य कर्मचारी’ या एका शब्दात नोंदणी खिडकीवरचा कारकून आणि नळी घालणारा भूलतज्ज्ञ दोघेही येतात. सरासरी काढली की दोघांचेही खरे चित्र पुसले जाते. आणि रांगेतल्या जागेचा निकष संसर्गाच्या शक्यतेपुरता कधीच नव्हता. कारकून आजारी पडला तर खिडकी बंद राहते, डायलिसिसची तंत्रज्ञ आजारी पडली तर त्या दिवशीचे रुग्ण कुठे जाणार, हा प्रश्न उभा राहतो. तिला लक्षणे नसतील तर प्रश्न आणखी अवघड, कारण तिच्या हाताखाली येणारा प्रत्येक रुग्ण आधीच दुबळा असतो.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. दिल्लीच्या एम्समध्ये देशातला पहिला डोस एका सफाई कर्मचाऱ्याला मिळाला. प्रतीक म्हणून ते उत्तमच होते, आणि कागदावरच्या धोरणातही सफाई कामगार, आशा, अंगणवाडी सेविका, वैद्यकीय विद्यार्थी हे सगळे ‘आरोग्य कर्मचारी’ या व्याख्येत बसत होते. पण धोरणाला पाय फुटतात ते यादीतून. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या माणसांची नावे आधी भरायची, ती को-विन या संगणकप्रणालीत चढायची, मग तिथून मोबाइलवर संदेश यायचा आणि एका सत्रात शंभर जणांना बोलावले जायचे. ज्याचे नाव चढले नाही, तो केंद्राच्या दारात उभा असला तरी परत जायचा. ज्यांना पगाराची चिठ्ठी कंत्राटदाराकडून मिळते, ज्यांचा मोबाइल क्रमांक दर रिचार्जला बदलतो, त्यांचे नाव चढणे हे कोणाच्या तरी लक्षात राहण्यावर अवलंबून होते. पहिल्या दिवशी महाराष्ट्रात २८५ केंद्रांवर २८,५०० जणांना टोचायचे ठरले होते. आले सुमारे अठरा हजार. दुसऱ्या दिवसापासून को-विनच्या बिघाडामुळे राज्यात लसीकरण थांबवावे लागले. कोव्हिशील्डची दहा डोसांची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे आणि कोव्हॅक्सिनच्या कुपीत तर तेव्हा वीस डोस असत. यादीतले आले नाहीत आणि दारातले यादीत नाहीत, अशा स्थितीत उरलेल्या डोसांचे काय झाले असेल हे सांगायला नको.

पण जे बोलावूनही आले नाहीत त्यांचे काय? ‘डॉक्टर-नर्सच घाबरतात, मग आम्ही कशाला टोचून घ्यायचे’ असा सूर तेव्हा सर्वत्र होता. या कचरण्याला अडाणीपणा म्हणणे सोपे होते आणि अनेकांनी तसे म्हटलेही. मात्र वस्तुस्थिती पाहा. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला मंजुरी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून परिणामकारकतेचा एकही आकडा आला नव्हता. मंजुरी ‘चाचणीच्या स्वरूपात’ होती आणि ती घेणाऱ्याला संमतिपत्रावर सही करावी लागे. कोणती लस घ्यायची हे निवडण्याची मुभा नव्हती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला कोव्हिशील्ड द्या असे लेखी कळवले. त्यांना वैद्यकशास्त्र कळत होते म्हणूनच त्यांनी तसे लिहिले. पुढे मार्चमध्ये प्राथमिक आकडे आले, अंतिम निकालात परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली, म्हणजे लस चांगली निघाली. पण जानेवारीत विचारलेला प्रश्न जानेवारीत रास्तच होता. ज्याला योद्धा म्हटले त्याने प्रश्न विचारला की तो पळपुटा ठरतो. कामगार म्हटले असते तर हत्यार बरोबर आहे ना, असे विचारणे हा त्याचा हक्क ठरला असता.

लशीने काय केले याचे आपल्याकडचे सर्वांत नेटके उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून आले. तिथल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी जवळपास नऊ हजार जणांनी लस घेतली होती, बहुतेकांनी कोव्हिशील्ड. डेल्टाची लाट ऐन भरात असताना, फेब्रुवारी अखेरीपासून मे २०२१ च्या मध्यापर्यंत, त्यांची नोंद ठेवली गेली. दोन डोस घेतलेल्यांत संसर्ग ६५ टक्क्यांनी कमी, दाखल होण्याची वेळ ७७ टक्क्यांनी कमी, प्राणवायू लागणे ९२ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाणे ९४ टक्क्यांनी कमी. तिथे एकच मृत्यू झाला, तो लस न घेतलेल्या आणि इतर व्याधी असलेल्या कर्मचाऱ्याचा. याच सुमारास एम्समध्ये कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात कोव्हॅक्सिनचे दोन डोस लक्षणे असलेला आजार निम्म्याने टाळतात असे दिसले. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेने सुमारे १६ लाख कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून मृत्यूत ९८ टक्के घट झाल्याचे सांगितले. हा शेवटचा आकडा टाळ्या मिळवणारा आहे, म्हणूनच तो जरा जपून घ्यावा. सैनिक तरुण, धडधाकट आणि शिस्तीत राहणारे असतात. शिवाय लसवंत आणि लस न घेतलेले यांच्यात लशीखेरीज दुसरेही फरक असतात, कारण जो लस टाळतो तो पुष्कळदा आधीच आजारी असतो किंवा नुकताच करोनातून उठलेला असतो. वेल्लोरच्या अभ्यासालाही ही मर्यादा लागू आहे. तरी वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि आजार जितका गंभीर तितके संरक्षण जास्त हा क्रमही सगळीकडे दिसतो.

पण त्याच आकड्यांत दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वेल्लोरमध्ये दोन्ही डोस घेतलेल्या सात हजार जणांपैकी साडेनऊ टक्क्यांहून अधिक लोकांना संसर्ग झालाच. ओमायक्रॉन आल्यावर तर हे संरक्षण आणखी विरले. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतले दोनशेहून अधिक निवासी डॉक्टर एका झटक्यात बाधित झाले, तेही दोन डोस घेतलेले. बहुतेक जण घरच्या घरी बरे झाले, हे लशीचे यश. ऐन गर्दीत ते वॉर्डात नव्हते, हे एकट्या तिच्यावर विसंबल्याचे फळ. कारखान्यात हेल्मेट दिले म्हणून कोणी यंत्राची जाळी काढून टाकत नाही. रुग्णालयांत मात्र लसीकरण झाल्यावर चांगले मास्क कपाटात गेले आणि खिडक्या पुन्हा वातानुकूलनासाठी बंद झाल्या. लशीला शौर्यपदक समजले की असे होते, कारण पदक मिळाल्यावर लढाई संपलेली असते.

दुष्परिणामांचा मुद्दा २०२४ मध्ये पुन्हा उसळला. अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत आपल्या लशीमुळे, म्हणजे भारतातल्या कोव्हिशील्डमुळे, क्वचित प्रसंगी रक्तात गुठळ्या आणि बिंबाणूंची घट असा विकार होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली आणि ‘आमच्यावर प्रयोग झाला’ अशी कुजबुज आरोग्य कर्मचाऱ्यांतही सुरू झाली. वास्तविक ही गोष्ट २०२१ च्या वसंतापासून जाहीर होती. भारतातल्या राष्ट्रीय समितीने त्या वर्षी मे महिन्यात कोव्हिशील्डनंतरची २६ संभाव्य प्रकरणे नोंदवली, दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये तेव्हा हाच आकडा चार होता, जर्मनीत दहा. आपल्याकडची माणसे निराळ्या रक्ताची आहेत असे मानण्यापेक्षा आपली नोंद अपुरी आहे असे मानणे मला जास्त पटते. पण आकडा दसपटीने वाढवला तरी एप्रिल २०२१ मध्ये करोना वॉर्डात उभ्या असलेल्या परिचारिकेपुढचा हिशेब बदलत नाही. बदलतो तो घरी बसलेल्या तरुणाचा. ब्रिटनने मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे ठरवले, ते देशातला संसर्ग तेव्हा ओसरला होता म्हणून. लस तीच, वय तेच, पण समोरचा धोका वेगळा की निर्णय वेगळा. म्हणूनच कर्मचाऱ्याला ‘लस सुरक्षित आहे’ एवढेच ठोकून सांगणे पुरत नाही. तुझ्या कामात धोका इतका, लशीत इतका, असे दोन आकडे शेजारी मांडून दाखवायला हवेत.

मग सक्ती करावी का? करोनाच्या काळात यावर जगभर कोर्टकचेऱ्या झाल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवरची सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. इंग्लंडने आधी वृद्धाश्रमांत सक्ती आणली, हजारो कर्मचारी गमावले, आणि सरकारी आरोग्यसेवेत एप्रिल २०२२ पासून येणारी सक्ती जानेवारी अखेरीस गुंडाळली, कारण तोवर ओमायक्रॉन आला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात २ मे २०२२ रोजी सांगितले, की शरीरावरचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येतो, कोणावर लस लादता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांकडून संसर्ग अधिक पसरतो असे दाखवणारी माहिती समोर नसताना त्यांच्यावरची बंधने प्रमाणशीर म्हणता येणार नाहीत. ‘दुबळ्या रुग्णाला वाचवायचे म्हणून सक्ती’ हा युक्तिवाद लस प्रसार कितपत रोखते यावर उभा असतो, आणि करोनाच्या बाबतीत तो पाया महिन्या-महिन्याला खचत गेला. तेव्हा कर्मचाऱ्यावर सक्ती करण्याच्या बाजूने मी नाही. सक्ती हवी ती मालकावर: लस उपलब्ध करण्याची, ड्यूटीच्या वेळेत देण्याची, दुसऱ्या दिवशी ताप आला तर भरपगारी रजा देण्याची, नकार आला तर तो लेखी घेऊन त्या व्यक्तीला कमी धोक्याचे काम देण्याची. रोजंदारीवरची बाई लस टाळते तेव्हा तिच्या मनात समाजमाध्यमांवरची अफवा असतेच असे नाही. तापात बुडणाऱ्या एका दिवसाच्या मजुरीचा हिशेबही असतो.   

हे सगळे नवे कायदे करून आणावे लागेल असेही नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तिच्यात पहिल्याच क्रमांकावर, ज्या कामात लागण होण्याचा विशेष धोका आहे अशा कामात झालेले संसर्गजन्य रोग होते आणि आरोग्य व प्रयोगशाळेतले काम त्यात नावानिशी होते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते उतरले आहे. याहून थेट तरतूद २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे. रुग्णालयाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आरोग्य कर्मचारी असो वा अन्य कोणी, हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी त्याची आरोग्य तपासणी करायची. नियम कोणाच्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे ते उघड आहे. सुई टोपण न लावता पिशवीत पडते, पिशवी उचलताना ती मांडीत घुसते. त्या सुईवर हेपॅटायटिस-बीचे रक्त असेल तर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत असते, एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीन असते. लस मालकाने द्यायची, आणि ती शाबासकी म्हणून नाही, हे तत्त्व आपल्या नियमपुस्तकात करोनाच्या आधीच चार वर्षे लिहिलेले होते. मार्च २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पन्नास लाखांच्या विम्यात वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशा आणि कंत्राटी माणसांचा समावेश होता, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण तो मृत्यूनंतरचा हिशेब आहे. आणि आशांबद्दल बोलायचे तर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेसाठी दारोदार ताप मोजत फिरलेल्या या बायकांना सरकार अजून स्वयंसेविका म्हणते. स्वयंसेविकेला मालक नसतो, मग तिच्या लशीची जबाबदारी कोणावर?

शेवटचा आक्षेप आजचा आहे. आता जवळजवळ प्रत्येकाला करोना होऊन गेला, लसही मिळाली. मग जुनी पाने कशाला चाळायची? ब्रिटनने २०२५ च्या हंगामापासून आपल्या रुग्णसेवेतल्या कर्मचाऱ्यांना करोनाची लस देणे थांबवले, फ्लूची चालू ठेवली. तो निर्णय मला पटतो, कारण तो आकडे मांडून घेतला गेला. आपल्याकडे थांबवण्याचा निर्णय कोणी घेतलाच नाही, फक्त कोणी विचारेनासे झाले. उद्या श्वासाचा दुसरा एखादा विषाणू आला तर आपण पुन्हा नावे गोळा करण्यापासून सुरुवात करू. त्याऐवजी प्रत्येक रुग्णालयात, पाच खाटांच्या नर्सिंग होमपासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, एक साधी नोंदवही कायमची हवी. तिच्यात हुद्द्याऐवजी कामाची जागा लिहिलेली असावी, पगार कोण देतो याचा संबंध नसावा, आणि कोणती लस कधी दिली, सुई कधी टोचली, ताप कधी आला हे असावे. खर्चाची चर्चा करण्याइतका हा खर्च नाही.

अडचण दुसरीकडे आहे. हेपॅटायटिस-बीचा पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. सफाईचे कंत्राट दरम्यान दुसऱ्याकडे गेले की मावशी त्याच राहतात, वॉर्ड तोच राहतो, बिल्ल्यावरचे कंपनीचे नाव तेवढे बदलते. निविदेच्या अटींत गणवेशाचा रंग आणि फिनेलचे लिटर असतात. तिसरा डोस जुन्या कंत्राटदाराने द्यायचा, नव्याने की रुग्णालयाने, हे निविदेत कोणत्या पानावर लिहिले आहे ते अधिष्ठात्यांनी एकदा उघडून पाहावे.